सव्वादोन वर्षांच्या मुलाला नुमाइशला न्यावे काय?

हैदराबादेत जानेवारी उजाडला की घरोघरी एकच विषय निघतो : नुमाइशला कधी जायचे? आमचे घर आबिड्सला. मुअज्जमजाही मार्केटवरून प्रदर्शनाच्या अजंठा दरवाजापर्यंत पायी पंधरावीस मिनिटांची वाट, त्यामुळे पाहुण्यांचा मुक्कामही आमच्याकडेच पडतो. गेल्या खेपेस ताई, भावजी आणि भावजींच्या मातोश्री कलबुर्गीहून चार दिवसांसाठी आल्या होत्या. बरोबर सव्वादोन वर्षांची भाची. तिला न्यायचे की नाही, यावर रात्रीच्या जेवणाला चर्चा झाली. आजी म्हणाली, "लेकराला गर्दीत कशाला नेता? माझ्याजवळ ठेवा." बाबा म्हणाले, "तिला त्यातले काय आठवणार आहे?" भावजी म्हणाले, "तिला तिकीटही लागत नाही, नेऊ की." ताई काही बोलली नाही. या लेखाचे निमित्त तिचे ते गप्प बसणे होय.

प्रथम नुमाइशविषयी थोडे, कारण इथे शिकणाऱ्या कित्येकांना तिचा इतिहास ठाऊक नसतो. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पुढाकाराने बागे-आममध्ये 'नुमाइश मसनुआत-ए-मुल्की' भरली. 'मुल्की' म्हणजे आपल्या मुलखात तयार झालेला माल. दुकाने जेमतेम पन्नास. जागा अपुरी पडू लागली तेव्हा १९४६ साली ती सध्याच्या नामपल्लीच्या मैदानावर आली. पुढे संस्थानातील धामधुमीमुळे खंड पडला, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ती 'अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन' या नव्या नावाने पुन्हा सुरू झाली. आता दुकाने दोन हजारांवर असतात. काश्मीरच्या शाली, लखनौचे चिकन, खुर्जाच्या बरण्या, शिवाय आकाशपाळणे, मौत का कुआँ आणि मैदानाला फेरी घालणारी छोटी आगगाडी. प्रदर्शनाच्या उत्पन्नातून प्रदर्शन संस्था शिक्षणसंस्था चालवते. सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय हे त्यांपैकीच. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एकदा तरी मैदानाच्या मध्यावर उभे राहून हा व्यवहार पाहावा असे मला वाटते. पण तो वेगळा विषय आहे.

भावजींचा मुद्दा आधी घेऊ. २०२५ साली प्रवेशाचे तिकीट पन्नास रुपये होते आणि पाच वर्षांखालील मुलांना ते माफ. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अशीच पद्धत असते, आणि आपण तिचा अर्थ 'मुलांसाठी योग्य' असा लावतो. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण शिकतो की वस्तू विकत घेणारा आणि तिचा उपभोग घेणारा या दोन निराळ्या व्यक्ती असू शकतात. मुलाचे तिकीट माफ करणारा मुलाचा विचार करीत नसतो. तिकीट लावले तर आईबाप घरी बसतील आणि त्यांची दोन तिकिटे बुडतील, हा त्याचा हिशेब; आणि त्यात काही गैर नाही. मात्र ज्या वस्तूला किंमतच लावलेली नाही, ती घ्यावी की न घ्यावी याचा विचार ग्राहकही करीत नाही. मोठ्यांच्या पन्नास रुपयांवर आपण पाच मिनिटे बोलतो, मुलाविषयी 'फुकटच आहे' एवढ्यावर बोलणे संपते.

बाबांचा मुद्दा एका अर्थाने बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ सांगतात की माणसाच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारणतः तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. म्हणजे भाचीला नुमाइश आठवणार नाही हे खरे. पण त्याच न्यायाने तिला आजचे जेवणही आठवणार नाही. आठवण राहत नाही म्हणून त्या दिवशीचा आनंद खोटा ठरत नाही, आणि त्या दिवशीची भीतीही.

भीतीचे मला ठाऊक आहे. भाचीचा मोठा भाऊ दोन वर्षांचा असताना आम्ही सगळे एका दृक्श्राव्य कार्यक्रमाला गेलो होतो. सभागृहात अंधार झाला, मागून ढोलाचा आवाज आला आणि पोराने असा टाहो फोडला की पुढच्या दोन रांगा वळून पाहू लागल्या. ताई त्याला घेऊन बाहेर गेली. आम्ही कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. बाहेर येऊन पाहतो तो ताई पायऱ्यांवर बसलेली, मूल तिच्या खांद्यावर झोपलेले. कोणीतरी म्हणाले, "अगं, छान होता कार्यक्रम, तू बघायला हवा होतास." तिचे तिकीट आम्ही काढले होते, तेव्हा खर्च झाला तो आमचा, असेच आम्ही समजत होतो. आता ती गप्प का बसली हे वाचकांच्या ध्यानात येईल. मूल न्यायचे ठरले तर ती मुलाबरोबर बाहेर बसणार, आणि न न्यायचे ठरले तर मुलाबरोबर घरी.

म्हणून मी ठरवले की निर्णयापूर्वी जागा पाहून यावी. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर एकटाच गेलो. निघताना शिंपी वापरतात तसली टेप घेऊन भाचीला दाराशी उभे केले. उंची अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर भरली, डोळे जमिनीपासून अठ्ठ्याहत्तरवर. मैदानात पोहोचल्यावर एका खांबाच्या आडोशाने उकिडवे बसून, डोळे साधारण त्या उंचीवर आणून मी नुमाइश पाहिली. (एका पोलिसाने "क्या गिरा भई?" असे विचारले. मी "चावी" म्हणालो.)

त्या उंचीवरून शाली दिसत नाहीत, चिकन दिसत नाही, रोषणाई दिसत नाही. दिसतात गुडघे, पिशव्यांचे तळ आणि लोकांच्या हातांतली गरम चहाची पेले. मिरची भजीच्या एका गाडीची कढई बरोबर भाचीच्या कपाळाच्या पातळीत होती. धूळ तर त्याच थरात सर्वांत दाट. मोठ्या माणसाला जे प्रदर्शन वाटते ते तिला चालता-हलता बोगदा वाटणार, हे तेव्हा कळले. कडेवर घेतले की प्रश्न सुटतो, पण बारा किलोचे मूल कडेवर किती वेळ राहते हे कडेच्या मालकिणीला विचारावे.

आवाजाचीही परीक्षा केली. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागले, तर तिथला आवाज पंच्याऐंशी डेसिबलच्या आसपास किंवा वर असतो, असा ढोबळ नियम आहे. कारखान्यातल्या प्रौढ कामगाराच्या कानांची काळजी ज्या पातळीपासून सुरू होते ती हीच. साडेचार वाजता आगगाडीजवळ मी दुकानदाराशी साध्या आवाजात बोलू शकलो. साडेसातला मौत का कुआँजवळ मला माझेच शब्द ऐकू येईनात. शेवटी घड्याळ लावून बाहेर पडण्याची वेळ मोजली. पाच वाजता मधल्या चौकापासून अजंठा दरवाजापर्यंत सहा मिनिटे लागली. पावणेआठला तेच अंतर चालायला एकोणीस मिनिटे.

एकोणीस मिनिटांचा आकडा घेऊन मी घरी आलो, आणि माझा प्रश्नच बदलला. 'तिला आवडेल का?' याचे उत्तर आधी कोणीही देऊ शकत नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलाला काय आवडेल हे त्यालाही ठाऊक नसते. 'तिला नकोसे झाले तर किती वेळात बाहेर पडता येईल, आणि कोण बाहेर पडेल?' याचे उत्तर मात्र आधी काढता येते.

याच कसोटीवर आपल्या शहरातली इतर ठिकाणे लावून पाहिली. सालारजंग संग्रहालयातल्या त्या प्रसिद्ध घड्याळातून दर तासाला एक दाढीवाला बाहुला येऊन टोले देतो. बारा टोल्यांसाठी दुपारी गर्दी जमते, लोक आधीपासून जागा धरून बसतात. मोठ्यांना प्रतीक्षा हाच कार्यक्रमाचा भाग वाटतो. मुलाला नाही. पण तिथे कंटाळा आला तर उठून दुसऱ्या दालनात जाता येते, आणि दुपारी दोन किंवा तीनला गेले तर थोडक्या टोल्यांत काम भागते. प्राणिसंग्रहालय तीनशेऐंशी एकरांचे. मुलासाठी चांगले, परंतु 'पैसे दिलेत तर सगळे पाहू' म्हणणाऱ्या आईबापांसाठी वाईट. नौबत पहाडवरचे, १९८५ साली सुरू झालेले बिर्ला तारांगण मला स्वतःला फार प्रिय आहे. पण तिथे घुमटाखाली दिवे मालवले की मध्येच उठणे अवघड. माझ्या मते ते पाच-सहा वर्षांपर्यंत थांबू शकते. तारे कुठे जात नाहीत.

इथे बुडीत खर्चाची आठवण होते. जो खर्च होऊन गेला आणि परत मिळणार नाही, त्याचा पुढच्या निर्णयावर परिणाम होऊ देऊ नये, असे आपण पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. प्रत्यक्षात कुकटपल्लीहून दीड तास खर्चून आलेले कुटुंब रडणाऱ्या मुलाला घेऊन साडेनऊपर्यंत फिरत राहते, कारण 'आलोच आहोत तर'. आमचे घर जवळ होते, म्हणून आम्हांला शहाणपण स्वस्तात परवडले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. लांबून येणाऱ्यांनी गांधी भवन मेट्रो स्थानकाकडचा दरवाजा धरावा. परतीचा रस्ता तोच राहतो.

अपघातांचा विचारही करायला हवा. ३० जानेवारी २०१९ च्या रात्री मैदानात आग लागून शेकडो दुकाने जळाली. त्यानंतर अग्निशमनाची व्यवस्था वाढवण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये एक मोठा फिरता पाळणा वरच अडकून माणसे काही वेळ उलटी लोंबकळली. यावरून नुमाइशला जाऊच नये असे मी म्हणणार नाही. परंतु लहान मूल बरोबर असताना आत शिरल्याशिरल्या बाहेरचे दरवाजे पाहून ठेवावेत, आणि मुलाच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी.

हे सर्व मी रात्री घरी मांडले. भावजींच्या मातोश्री शांतपणे ऐकत होत्या. त्यांना मराठी कळते, पण बोलतात कन्नडात. त्या म्हणाल्या, "तम्मा, एवढे मोजलेस कशाला?" मग त्यांनी शरणबसवेश्वराच्या जत्रेविषयी सांगितले. त्यांच्या घरी अंगावरच्या मुलाला, कूसु असेतो, रथाच्या गर्दीत नेत नसत. लांबून रथ दिसेल अशा ओट्यावर कडेवर घेऊन उभे राहायचे, मुलाचे हात जोडायचे आणि परत फिरायचे. मूल चालू लागले की दिवसा, रिकाम्या जत्रेत, आजोबांच्या खांद्यावरून. रात्रीची जत्रा त्यानंतर कित्येक वर्षांनी. मला जे टेप आणि घड्याळ घेऊन शोधावे लागले ते त्यांच्या घरात रीत म्हणून होते. आपल्या मराठीतही तान्हे, रांगते, दुडदुडते असे शब्द आहेतच. ते वय वर्षांत मोजत नाहीत, मूल काय करू शकते त्यावरून सांगतात. तिकिटाच्या खिडकीवर मात्र पाच वर्षांखालचे सगळे एकच.

ठरले ते असे. गर्दीचा शनिवार-रविवार टाळून मंगळवारी जायचे. दुपारची झोप झाल्यावर, दरवाजे चारला उघडले की लगेच. सव्वासहाला भाची परत. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात अकरा ते चौदा तास झोप लागते असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे मार्गदर्शन सांगते, आणि भाची त्याच वयोगटात मोडते; शिवाय आठनंतर ती कोणाचेच ऐकत नाही. परत घेऊन कोण येणार, यावर क्षणभर शांतता झाली. मग "मी," असे मीच म्हणालो. ताईने माझ्याकडे पाहिले आणि "नक्की?" एवढेच विचारले.

मंगळवारी छोट्या आगगाडीत भाची दोनदा बसली. तिसऱ्यांदा बसवू लागलो तर पाय ताठ केले. एका दुकानातल्या पितळी घंटेपुढे ती दहा मिनिटे उभी होती, आणि दुकानदार भला माणूस, त्याने हाकलले नाही. बाकीच्या नुमाइशकडे तिने ढुंकून पाहिले नाही. सहाला ती डोळे चोळू लागली, आणि सव्वासहाला आम्ही दोघे अजंठा दरवाजाबाहेर होतो. मुअज्जमजाही मार्केटशी पारवे उतरले होते. तिथून मात्र ती हलेना. अर्धा तास मी तिथे उभा राहिलो, आणि दाणे घेण्यात माझे वीस रुपये गेले.

साडेसातला ती आजीच्या मांडीवर झोपली. ताई रात्री पावणेदहाला आली. हातात चिकनचा कुर्ता होता, केस विस्कटलेले होते, आणि ती आकाशपाळण्यात दोनदा बसली, हे भावजींनी सांगितले.