भूल आणि चेतापेशींच्या फांद्या

अतिदक्षता विभागाबाहेर पाथर्डी-जामखेडहून आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "पेशंटला आमचं बोलणं कळतं का?" या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग चेतापेशींच्या रचनेत आहे. मेंदूच्या बाह्यपटलातील मोठ्या चेतापेशींना झाडासारख्या फांद्या असतात. त्यांना वृक्षिका म्हणतात. त्यांवर हजारो संदेश येतात. परंतु कोणत्या संदेशाला किती वजन मिळावे, हे मेंदूच्या त्या वेळच्या अवस्थेवरही अवलंबून असते. सुझुकी व लार्कम या संशोधकांनी २०२० साली उंदरांवर प्रयोग केले. जागेपणी शेंड्याकडील फांद्या उद्दीपित केल्या की पेशीचा गाभा प्रतिसाद देई. तीन निरनिराळ्या भूलद्रव्यांखाली मात्र हा दुवाच सुटला. फांद्या शाबूत, पण निरोप गाभ्यापर्यंत पोहोचत नाही!

उंदरांवरील निष्कर्ष रुग्णास जसाच्या तसा लागू होत नाही, आणि डोक्याच्या दुखापतीने आलेली बेशुद्धी ही औषधाच्या गुंगीहून वेगळी असते. तथापि गुंगीचे औषध चालू असताना रुग्णाने हाकेला ओ दिली नाही, एवढ्यावरून मेंदू निकामी झाला असे समजू नये. शक्य होताच डॉक्टर औषध कमी करून पुन्हा तपासतात. तोवर हाक मारण्यास कोणाची हरकत नाही. भेटीची वेळ तेवढी पाळावी.