हिवाळी पावसाची चाहूल : अंदाज कसा पाहावा?



मृतात्म्यांचा दिवस झाला की नाताळापर्यंतचा काळ आपल्या सीमाभागात मोठ्या धांदलीचा असतो. ऊसतोडीच्या टोळ्या फडात असतात, गुऱ्हाळांवर चिपाड वाळत पडलेले असते, शाळू पोटरीत येऊ लागतो, हरभरा फुलावर असतो आणि तंबाखू खुडणीच्या बेतात असतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी कोणी तरी मोबाईल पुढे करून म्हणतो, "येत्या शुक्रवारी मोठा पाऊस आहे." दुसऱ्याच्या मोबाईलवर शुक्रवार कोरडा असतो. मग ज्याच्या मनाला जे पटेल ते खरे. ही माहिती कोठून येते, तिच्यावर किती भरवसा ठेवावा आणि पाऊस येण्याआधीच्या आठ दिवसांत तिचा माग कसा ठेवावा, हे या पाठात पाहू.

हिवाळ्यात आपल्याकडे पाऊस बहुधा दोन वाटांनी येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावर येतो आणि त्याचे उरलेसुरले बाष्प पश्चिमेकडे सरकत आपल्या डोक्यावर येते. दुसरी वाट अरबी समुद्राची. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग ते मुंबई या पट्ट्यात किनाऱ्याला लागले ते याच वाटेने. कधी कधी उत्तरेकडील थंड वाऱ्याची लाट आणि समुद्रावरील बाष्प एकमेकांस भिडतात. असे झाले की पावसाबरोबर गारठाही येतो, आणि तो जास्त घातक. १ व २ डिसेंबर २०२१ या दोन दिवसांत पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात थंड पावसाने उघड्यावरील शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. पूर नव्हता, वीज नव्हती. भिजलेली लोकर, वारा आणि रात्रीची थंडी एवढेच पुरे झाले.

अंदाज तयार कसा होतो हे थोडे समजून घेऊ, कारण त्याशिवाय त्याचा खरेखोटेपणा ताडता येत नाही. पृथ्वीभोवतीच्या हवेचे लहान-लहान चौकोनी ठोकळे पाडले आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक ठोकळ्यातील उष्णता, दाब, वारा व ओल यांची आजची मापे यंत्रात भरतात. ही मापे उपग्रहांकडून, जहाजांकडून, विमानांकडून आणि हवेत सोडलेल्या फुग्यांकडून मिळतात. जगभर हे फुगे एका ठरलेल्या वेळी सोडतात. आपल्या घड्याळाप्रमाणे ती वेळ पहाटे व सायंकाळी साडेपाचची. मग महासंगणक पदार्थविज्ञानाच्या नियमांनी पुढील काही मिनिटांनंतरची स्थिती काढतो, तिच्यावरून त्यापुढची, आणि असे करत दहा दिवसांपर्यंत जातो. या सगळ्या गणिताच्या यंत्रणेला 'मॉडेल' म्हणतात. युरोपीय देशांचे सामाईक केंद्र १९७५ साली स्थापन झाले व त्याचे मॉडेल आज जगभर पाहिले जाते. अमेरिकेचे निराळे आहे. आपल्या देशात नोएडाचे केंद्र १९८८ पासून हे काम करते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत विकसित झालेली ६ किलोमीटर चौकोनाची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये हवामान खात्याच्या कामात आली. त्यापूर्वीचा चौकोन १२ किलोमीटरचा होता. थंड मुलुखात लोक हिमवादळाच्या आठवडाभर आधीपासून अशाच मॉडेलांकडे डोळे लावून बसतात. आपल्याला बर्फ पडणार नाही, पण ती पाहण्याची रीत तीच.

आता ६ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. त्यात बोरगावच्या नदीकाठचा ऊस, माळावरचा शाळू आणि शेजारच्या गावचे शिवारही येईल. मॉडेल त्या सगळ्याला पावसाचा एकच आकडा देते. म्हणून "माझ्या मळ्यात पडणार का?" या प्रश्नाला चार दिवस आधी उत्तर देणे कोणत्याही मॉडेलाला शक्य नाही. तसे उत्तर देणारा मोबाईल आपली समजूत काढतो, दुसरे काही नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आंबोलीच्या डोंगरावर पाऊस पडतो तेव्हा काही पाणी हिरण्यकेशीत उतरते, तेथून घटप्रभा व कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच डोंगरावर थोडे पश्चिमेला पडलेले पाणी घाट उतरून अरबी समुद्राला मिळते. सुरुवातीला दोन थेंबांत काही पावलांचे अंतर, शेवटी दोन वेगळे समुद्र. हवेचेही असेच आहे. एडवर्ड लॉरेंझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ साली हे गणिताने मांडले, की आजच्या मापात किंचित फरक असला तरी काही दिवसांनी निकाल पार बदलू शकतो. आणि आजची मापे कधीच पूर्ण अचूक नसतात.

यावर तोड म्हणून केंद्रे एकच गणित पुन्हा पुन्हा करतात, दर वेळी सुरुवातीची मापे किंचित हलवून. युरोपीय केंद्र अशी ५० गणिते करते. त्यातील ४० गणितांत शुक्रवारी पाऊस दिसला तर शक्यता मोठी; १० गणितांत दिसला तर पाचात एक. "पावसाची शक्यता २० टक्के" असे जे छापून येते त्यामागे हीच रीत असते. पुष्कळांना वाटते की २० टक्के म्हणजे नाहीच. तसे नाही. असे पुष्कळ वेळा सांगितले गेले तर सरासरीने पाचातील एक वेळ पाऊस येतो, असा त्याचा अर्थ.

माग कसा ठेवावा यासाठी २०२४ चे 'फेंगल' वादळ फार बोलके आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात श्रीलंकेच्या बाजूला कमी दाबाचे क्षेत्र होते. ते २७ तारखेला वादळ होईल असा अंदाज होता, पण ते रेंगाळले. मग ते किनाऱ्यावर येताना वादळ राहणार नाही, असे सांगण्यात आले. २९ तारखेला ते वादळ झालेच, आणि ३० नोव्हेंबरच्या रात्री पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागून तेथेच काही तास थबकले. पुद्दुचेरीत एका दिवसात सुमारे ४८ सेंटीमीटर पाऊस पडला. उरलेले क्षेत्र द्वीपकल्प ओलांडून ३ डिसेंबरला केरळ-कर्नाटक किनाऱ्यापाशी अरबी समुद्रात उतरले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मार्ग व दिशा यांचा अंदाज मोठ्या मानाने बरोबर आला; वेग आणि जोर यांत घोळ झाला. संथ चालणाऱ्या वादळाच्या बाबतीत हे नेहमीचे आहे. म्हणून "वादळ गुरुवारी येणार" असे म्हटले असता गुरुवार कोरडा गेला, तर ताडपत्री काढून ठेवण्याची घाई करू नये. शुक्रवार-शनिवारकडे पाहावे.

आता वही. घरातील शाळकरी मुलाला हे काम द्यावे, त्याला आवड लागेल. पाऊस पडणार अशी कुणकुण लागली की रोज दुपारी, म्हणजे पहाटेच्या मापांवरचे गणित हाती आल्यावर, दोन निरनिराळ्या मॉडेलांचा त्याच दिवसाचा आकडा लिहून ठेवावा. समजा आज रविवार आहे व प्रश्न पुढच्या शनिवारचा आहे. रविवारी एक मॉडेल २५ मिलिमीटर म्हणते, दुसरे शून्य. सोमवारी पहिले ५ म्हणते, दुसरे १०. आकडे असे उड्या मारत असतील तर अजून काही ठरलेले नाही असे समजावे. बुधवारी दोन्ही १० ते २० च्या दरम्यान आली व गुरुवारीही तेथेच राहिली, तर अंदाज मुरला. सर्वांत मोठा आकडा दाखवणारे चित्र लोक एकमेकांना पाठवतात. ते बहुधा एकाच गणिताचे, एका वेळेचे चित्र असते. त्यावर बनवल्याची तारीख व वेळ नसेल तर ते पाहूही नये. साधारणपणे तीन दिवसांपर्यंतचा अंदाज कामाचा, पाचपर्यंतचा सावध करणारा, आणि सातच्या पुढचा केवळ कान टवकारण्यापुरता.

हवामान खात्याची भाषाही नीट वाचली पाहिजे. "तुरळक ठिकाणी" हे शब्द पावसाच्या जोराबद्दल नाहीत. त्या विभागातील पावसाच्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्यांचा अर्थ. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस मुसळधारही असू शकतो. जोरासाठी निराळे शब्द आहेत : १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरदार. "हलका" ऐकून निर्धास्त होणाऱ्याने हिशेब करावा. एका गुंठ्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १००० लिटर पाणी, आणि ते खळ्यात वाळणाऱ्या मालावर पडणार. पिवळा इशारा लक्ष ठेवण्याचा, नारिंगी तयारीचा, तांबडा कृतीचा.

आपण सीमेवर राहतो, त्यामुळे आणखी एक काळजी घ्यावी. बेळगाव जिल्हा खात्याच्या हिशेबात 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' विभागात येतो व त्याचा अंदाज बेंगळूरहून निघतो. कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्र' विभागात असून त्याचा इशारा मुंबईहून येतो. उत्तर अंतर्गत कर्नाटक विभागात बिदर, गुलबर्गा, रायचूरही आहेत. तेथील पाऊस म्हणजे आपला नव्हे. ढग काही राज्याची हद्द विचारून येत नाहीत, म्हणून निपाणी भागातील शेतकऱ्याने बेळगाव व कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांचा इशारा पाहावा. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा पीकसल्लाही पाहण्याजोगा असतो. 'मेघदूत' या मोबाईल सेवेवर असा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी मिळतो.

किती शक्यता असता हालचाल करावी? याचे उत्तर प्रत्येक कामाला निराळे आहे. समजा, वाळत घातलेला तंबाखू गोळा करून झाकण्यास ५०० रुपये मजुरी लागते आणि भिजल्यास ५००० रुपयांचे नुकसान होते. दहा वेळा झाकले व एकदाच पाऊस आला तरी खर्च भरून निघतो. म्हणजे १० टक्के शक्यतेलाही झाकणे परवडते. याउलट ऊसतोड थांबवायची म्हटली तर टोळी बसून राहते, कारखान्याची पाळी जाते. समजा तो खर्च ४००० व नुकसान ६०००, तर दोन-तृतीयांश शक्यता झाल्याशिवाय थांबू नये. मात्र जो ऊस तोडून पडला आहे तो आधी बाहेर काढावा. चिखलाने गाडी फडात अडकली की वजन आणि साखर दोन्ही उतरतात. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले. प्रत्येकाने आपले आकडे मांडावेत, भागाकार एका मिनिटाचा आहे.

पाऊस पक्का दिसला की औषध फवारणी व वरखत पुढे ढकलावे, कडबा व चिपाड झाकावे, चर मोकळे करावेत. पावसाने हरभऱ्यावरची आंब धुऊन जाते, ढगाळ हवेत शाळूवर मावा वाढतो. म्हणून ऊन पडल्यावर दोन-तीन दिवस पिकातून फेरी मारावी. मेंढ्यांची लोकर त्या आठवड्यात कातरू नये. आडोशाची कोरडी जागा आणि पोटभर वैरण यांनी जनावर तगते. शेवटच्या काही तासांत मॉडेल बाजूला ठेवून खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा व रडारचे चित्र पाहावे. ते गणित नसून प्रत्यक्ष ढग असतात.

इशारा वेळेवर पोचणे किती मोलाचे असते हे २०१७ च्या 'ओखी' वादळाने दाखवले. ३० नोव्हेंबरला ते वादळ झाल्याचे जाहीर झाले तेव्हा केरळ व कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरील पुष्कळ नावा खोल समुद्रात जाऊन चुकल्या होत्या. बुडालेल्यांत कॅथलिक कोळी वस्त्यांतील माणसे फार होती.

आता आरोग्याबद्दल, आणि येथे मुख्य गोष्ट तंबाखूची. पावसाने पानावरचा चिकटपणा धुऊन मालाची प्रत उतरते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे पाऊस थांबताच ओल्या पानांत शिरून खुडणी उरकण्याची घाई होते. ओल्या हिरव्या पानातील निकोटीन पाण्यात उतरते आणि कातडीतून अंगात जाते. काही तासांत मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी, घाम, अशक्तपणा सुरू होतो. घरचे म्हणतात, थंडी बाधली किंवा अन्न बाधले. खरे कारण भिजलेले कपडे असतात. म्हणून पाने सुकेपर्यंत थांबावे. थांबणे शक्यच नसेल तर लांब बाह्या घालाव्यात, अंगावर प्लास्टिकचा कागद बांधावा, कपडे ओले झाले की लगेच बदलावेत आणि हातपाय साबणाने धुवावेत. गरोदर स्त्रिया व मुले यांना या कामास मुळीच लावू नये. त्रास सुरू झाल्यास काम सोडून कोरड्या जागी यावे, अंग साबणाने धुऊन पाणी प्यावे. बहुतेकांना दीड-दोन दिवसांत बरे वाटते. पण उलट्या थांबत नसल्या, श्वास लागला किंवा छातीत धडधड वाढली तर दवाखान्यात न्यावे आणि रोगी ओल्या तंबाखूत काम करीत होता हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.