कोपराची नस दबली : ऑपरेशन करावे की थांबावे?

सोयाबीनची सवंगणी आटोपली की वस्तीत एक तक्रार हमखास ऐकू येते. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते. बरेच जण त्याला अशक्तपणा म्हणतात आणि ताकदीच्या गोळ्या घेतात. दबलेली नस त्या गोळ्यांनी मोकळी होत नाही.

कोपराच्या आतल्या हाडामागून एक नस हाताकडे जाते. तिथे ठोकर बसली की झिणझिणी येते, ती हीच. कोपर बराच वेळ वाकवून ठेवले की ही नस ताणली जाते, दबते.

आधी एक शंका दूर करून घ्या. कुष्ठरोगातही नेमकी हीच नस सुजते. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत असेल, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत आहे, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचे. नस सुजली असेल तर डॉक्टर वेगळ्या गोळ्या देतात. लोक काय म्हणतील म्हणून लपवणाऱ्यांची बोटे वाकडी झालेली आम्ही पाहिली आहेत. साखरही तपासून घ्या, मधुमेहानेही नसा बधिरतात.

मुंग्या येतात-जातात, पण पकड शाबूत आहे? मग ऑपरेशनची घाई नको. ६ आठवडे ते ३ महिने वाट पाहता येते. रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपा, म्हणजे हात वाकणार नाही. बाजेच्या कडेवर कोपर टेकू नका. फोन दुसऱ्या हातात धरा. कोपर चोळून, रगडून घेऊ नका.

बधिरपणा चोवीस तास राहू लागला, घागर हातातून निसटू लागली, अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग खोलगट दिसू लागला, तर मात्र थांबू नका. अंगठा व बोटात कागद धरून दुसऱ्याला ओढायला सांगा. अंगठा न वाकवता तो धरता येत नसेल, तर स्नायू कमजोर झाले आहेत.

ऑपरेशन दोन तऱ्हेचे असते : नसेवरचा घट्ट पडदा कापून तिला मोकळी करणे, किंवा नस हाडाच्या पुढे आणून ठेवणे. नस जागेवरून घसरत नसेल तर बहुधा पहिले पुरते, आणि त्यात जखमेचा त्रासही कमी. आपल्यासाठी कोणते, का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर भरते. कोपर ते पंजा हे अंतर धरले तर वर्षभर धीर धरावा लागतो. सुकलेला स्नायू पूर्ण परत येईलच असे नाही.

जड काम काही आठवडे बंद राहते, म्हणून मजुरीचा हिशेब घरात आधीच करा. वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नसेची एनसीव्ही तपासणी कुठे होईल, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागेल का, हे तिथेच विचारा. रेशन कार्ड व आधार सोबत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते आरोग्यमित्राकडून पैसे भरण्याआधी समजून घ्या.