मम्मी बोलली

वाकोल्यात दत्त मंदिर रोडला मी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेते. काही मुलं आठवी-नववीची, काही विमानतळाजवळच्या हॉटेलांत नोकरी शोधणारी. सगळ्यांच्या वह्यांत माझी सर्वात जास्त लाल शाई गेली ती ‘से’ आणि ‘टेल’ या दोन क्रियापदांवर.

१. चूक मराठीतून येते. ‘तो मला म्हणाला’ हे आपलं शुद्ध वाक्य. मूल शब्दाला शब्द लावून लिहितं, ‘ही सेड मी’. पण ‘से’ला ऐकणारा थेट चालत नाही, मध्ये ‘टू’ लागतं. ‘टेल’ला मात्र ऐकणारा लगेच शेजारी हवा : ‘ही टोल्ड मी’. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीच ‘माय फादर सेड मी’ असं ठणकावून सांगितलं होतं. समोरच्या बाईंनी फाइल मिटली.

२. आमच्याकडची मुलं ‘म्हणाली’ म्हणतच नाहीत. ‘मम्मी बोलली, उद्या ये.’ पुण्याच्या माझ्या मावशीला हे ऐकवत नाही. तिच्या लेखी ‘मम्मी मला बोलली’ म्हणजे मम्मी रागावली. मुंबईत बोलणे, म्हणणे, सांगणे सगळं ‘बोलणे’च, म्हणून वहीत ‘मम्मी स्पोक मी’ उतरतं. आधी मी मुलांचं मराठी दुरुस्त करायला जायचे. ते सोडून दिलं. आता एवढंच विचारते, ‘कुणाला बोलली?’ ‘मला.’ मग ‘टोल्ड मी’. आणि मावशीचा अर्थ हवा असेल तर ‘टोल्ड मी ऑफ’, म्हणजे बोलणी बसली. हे कुणीही विसरत नाही, रोजचा अनुभव आहे.

३. ‘ने’कडे बघा. ‘त्याने सांगितलं’, पण ‘तो म्हणाला’. ‘त्याने म्हणाला’ कुणाच्याच तोंडून येत नाही. म्हणजे मराठीतही ही दोन क्रियापदं एका चालीने चालत नाहीत, हे मुलाला आतून ठाऊक असतं. (‘त्याने म्हटलं’ आहे, मला माहीत आहे. नववीपर्यंत मी ते काढत नाही.)

४. हुकूम असेल तर ‘टेल’ : ‘टेल हिम टू वेट’. खरं, खोटं, गोष्ट यांनाही ‘टेल’च, समोर कुणी असो-नसो. इथे कारण शोधू नका, पाठ करा.

५. इंग्रजीत कागदही ‘से’ करतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोल्यात हा आकडा वेगळा शिकवावा लागत नाही, घरोघरी त्या दिवसाची गोष्ट आहे. त्यावर वाक्य करायला दिलं, तर अर्ध्या वर्गाने लिहिलं, ‘इन द रिपोर्ट सेज’. कारण मराठीत अहवाला‘त’ म्हटलेलं असतं. इंग्रजीत अहवाल स्वतःच म्हणतो : ‘द रिपोर्ट सेज’. पाटीचं आणि घड्याळाचंही तेच.

६. बँकेतला ‘टेलर’ कपडे शिवत नाही. ‘टेल’चा जुना अर्थ मोजणे; तो नोटा मोजतो.

७. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या वेळची पहिलीतली मुलं आता आई-बाप झाली आणि मुलाचं इंग्रजी सुधारावं म्हणून घरात मराठी बंद करू लागली. माझी त्यांना विनंती आहे, असं करू नका. ‘मम्मी बोलली’ म्हणणारं मूल माझ्याकडे पाठवा, ‘टोल्ड’चं मी बघते.