फटफटीची वाट

नागपुरात शून्य मैलाचा खांब आहे. तिथून जबलपूर, चांदा, बैतूल किती दूर, हे तिथे कोरलेले आहे. पूर्वी लोक असे दगड वाचून वाट धरीत. आता मोबाईलचा नकाशा वाट दाखवतो.

माझा पुतण्या फटफटीने चिखलदऱ्याला निघाला. मोबाईलला नुसते गावाचे नाव सांगितले. परतवाड्याच्या पुढे घाट लागला, आणि एका फाट्यावर नकाशा कोरा! अंधार पडलेला. विचारावे तर चिटपाखरू नाही.

असे का झाले? आपण कुठे आहो, हे मोबाईलला आकाशातल्या उपग्रहांवरून कळते. त्याला टॉवर लागत नाही. पण नकाशाचे चित्र टॉवरवरून येते. म्हणून ते घरीच मोबाईलात उतरवून ठेवावे.

शिवाय मोबाईल आपल्या मनाने लवकरची वाट काढतो. कधी काटोल-वरुडकडून नेईल, कधी अमरावतीकडून. आपल्याला हव्या त्या वाटेवरची गावे आपणच मध्ये घालावी: कोंढाळी, तळेगाव, अमरावती, परतवाडा. हीच नावे कागदावर लिहा. कागद खिशात असू द्या. रस्त्यावरच्या पाट्या त्याच्याशी ताडून पाहा. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा.

पुतण्या त्या रात्री दिव्याच्या उजेडात पाट्या वाचत वाचत परतवाड्याला परत आला.