एक मोटार, दोन मार्ग : चाकांच्या कोनांचा विचार

सिल्व्हासाहून वापीकडे अथवा खानवेलकडे जाणाऱ्या मोटारी आपण रोज पाहतो. त्यांची चारही चाके जमिनीवर अगदी सरळ उभी असतील असा आपला समज असतो. वस्तुतः प्रत्येक चाकाला कारखान्यातच अल्पसा तिरकसपणा ठरवून दिलेला असतो. हा तिरकसपणा मोजून नीट करणे म्हणजेच गॅरेजमधले ‘व्हील अलाइनमेंट’ होय. परंतु ज्याला एकाच मोटारीने रोज कामावर जावयाचे आहे आणि सुट्टीत शर्यतीच्या मार्गावरही उतरावयाचे आहे, त्याने हे कोन कसे निवडावे?

प्रथम तीन संज्ञा समजून घेऊ. मोटारीसमोर उभे राहून पाहिले असता चाकाचा माथा आत वा बाहेर कललेला दिसतो. हा कल म्हणजे ‘कॅम्बर’. माथा आत असेल तर तो ऋण, बाहेर असेल तर धन. दुसरा कोन ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा चिमटा बाजूने पाहा. तो उभा नसून तिरपा असतो. ज्या रेषेभोवती चाक वळते ती वर मागे झुकलेली असते, म्हणून वेगात चाक आपोआप सरळ होऊ पाहते. तिसरा ‘टो’. कोणी चवडे आत वळवून चालतो, कोणी बाहेर. वरून पाहता चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असली तर ‘टो-इन’, उलट असली तर ‘टो-आउट’.

आता रस्ता आणि शर्यतीचा मार्ग यांच्या गरजा पाहू. वेगाने वळण घेताना मोटारीचे अंग वळणाच्या बाहेरच्या बाजूस कलते. त्याबरोबर बाहेरचे चाकही कलते आणि टायरची केवळ बाहेरची कड भार सोसते. हे टाळण्यासाठी चाकाला आधीच ऋण कॅम्बर देतात. म्हणजे ऐन वळणात टायर सपाट टेकते. शर्यतीच्या मार्गावर तो बहुधा २ ते ३ अंश ठेवतात. साध्या रस्त्यावर मात्र प्रवास मुख्यतः सरळ असतो. तेथे इतका कल ठेवला तर आतली कड झिजते व ब्रेक लावताना पकडही घटते. म्हणून रोजच्या मोटारीस शून्य ते १ अंश ऋण कॅम्बर पुरतो.

टायर झिजविण्यात टोचा वाटा कॅम्बरहूनही मोठा असतो. एक गणित करू. समजा, पुढच्या चाकांचा एकूण टो ३ मिलिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक चाकाचा दीड. टायरचा व्यास ६०० मिलिमीटर धरला तर तिरकसपणा ४०० भागांत एक भाग झाला. स्थूलमानाने दर किलोमीटरला चाक अडीच मीटर आडवे ओढले जाते. १,००० किलोमीटरांत अडीच किलोमीटर!

हे गणित आपल्या भागात विशेष महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर भरणाऱ्या शोलावरमच्या शर्यती आता इतिहासजमा झाल्या. आजचे प्रमुख मार्ग चेन्नईजवळ, कोइमतूरजवळ आणि बृहत् नोएडा येथे आहेत. नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ साली सुरू झाला. त्याची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे. सिल्व्हासाहून कोइमतूरला मोटारीने जाणारा जाताना एक हजारांहून अधिक किलोमीटर साध्या रस्त्याने काटतो आणि एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील मार्गावर वीस फेऱ्या मारल्या तरी सुमारे चाळीसच किलोमीटर धावतो. मग त्या चाळिसांसाठी त्या हजारांचा बळी का द्यावा?

म्हणून मध्यममार्ग बरा. पुढे दीड ते दोन अंश ऋण कॅम्बर, मागे त्याहून किंचित कमी. पुढचा टो शून्य. टो-आउटने मोटार वळणात चटकन शिरते खरी, पण रस्त्यावर भरकटू लागते. मागे थोडा टो-इन ठेवला की मोटार स्थिर राहते. कॅस्टर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत जास्त आणि दोन्ही बाजूंस सारखा असावा. अनेक साध्या मोटारींत कॅम्बर बदलण्याची सोयच नसते. तेथे जाणत्या कारागिराचा सल्ला घ्यावा.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी टायरांतील हवा योग्य करावी, सांध्यांतील ढिलेपणा तपासावा आणि मोटार सपाट जागी उभी करावी. नंतर कॅस्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो. कारण कॅम्बर बदलला की टोही बदलतो. मार्गावर फेऱ्या मारून येताच टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या भागाचे तापमान मोजावे. बाहेरची कड अधिक तापली असेल तर कॅम्बर अपुरा आहे. आतली फारच तापली असेल तर तो जास्त झाला आहे. आतली कड किंचित अधिक उष्ण असणे योग्य होय.

एक इशारा. आतली कड झिजली तरी बाहेरून टायर नवे दिसते. अशा टायरने पावसाळ्यात भरधाव जाणे म्हणजे स्वतःच्या आणि वाटेवरच्या निरपराध माणसांच्या जिवाशी खेळणे होय. आपल्या घरी मोटार असेल तर वडीलधाऱ्यांना सांगून, ती बंद व उभी असताना, पुढची चाके एका बाजूस पूर्ण वळवून घ्यावीत आणि त्या आतल्या कडा एकदा अवश्य पाहाव्यात. शर्यतीचा वेग शर्यतीच्या मार्गावरच शोभतो; रस्त्यावर शोभतो तो संयम.