महानगराची सहल आणि जलसंजीवनीचे माप

सुट्टीत मुंबई पाहून इंदूरला परतलेली काही मुले अतिसाराने कोमेजून माझ्याकडे येतात. पालकांनी जलसंजीवनी दिलेली असते. परंतु १ लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवून! अशा तीव्र द्रावणाने रक्तातील सोडियम वाढते व आकडी येऊ शकते. म्हणून प्रवासात पुड्यांबरोबर १ लिटरची बाटलीही न्यावी. पुडीवरील माप वाचून संपूर्ण पुडी पिण्याच्या शुद्ध पाण्यात विरघळवावी. दर जुलाबानंतर २ वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर घोटाघोटाने पाजावे. उरलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. मूल सुस्त झाले, काही पिईनासे झाले वा शौचातून रक्त आले, तर स्थलदर्शन सोडून त्वरित रुग्णालय गाठावे. आपण डॉक्टरांनीही पुडी लिहून देताना पाण्याचे माप अवश्य सांगावे.